सागवानी फ्रिगेटची सेवापुस्तिका

वाचक विचारतात

गेल्या अंकात शिडाच्या काळातल्या खलाशांविषयी लिहिताना ‘त्रिंकोमाली’चं नाव ओझरतं आलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली आणि आजही पाण्यावर तरंगणारी ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट, एवढंच तिथे लिहिलं होतं. त्या एका ओळीवर बेळगाव, खानापूर, नंदगड, निपाणी, संकेश्वर अशी सगळीकडून पत्रं आली. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. मी नौदलात जहाज-सुतार होतो, लाकडी बोटींवरच हात बसला, आणि आता टिळकवाडीत घरी असतो. या जहाजावर माझा जीव आहे, तेव्हा उत्तरं सविस्तर देणार आहे.

प्रश्न : काका, खानापुरात आमची वडिलांपासूनची सॉ मिल आहे. त्या जहाजाचं सागवान आपल्या नागरगाळी, दांडेलीकडचं होतं का? असेल तर आम्हाला ते मिलच्या बोर्डावर लिहायचं आहे.
(एक वाचक, खानापूर)

बोर्डावर लिहू नका. ‘त्रिंकोमाली’चं सागवान मलबारचं. जात तीच, जी रोज तुमच्या करवतीखाली येते. पण जंगल वेगळं, आणि त्या जंगलात त्या वेळी काय चाललं होतं ते तुम्हा लाकूडवाल्यांना माहीत असायलाच हवं.

एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा इंग्लंड नेपोलियनशी झुंजत होतं. जहाजांवर जहाजं बांधायची होती आणि तिकडे ओकची मोठी झाडं अपुरी पडू लागली होती. मुंबईच्या गोदीतली सागवानी जहाजं टिकतात याची खात्री पटलेली होतीच. मग सागवानाकडे सरकारी नजर वळली. १८०६ साली कंपनी सरकारने वॉटसन नावाच्या, पोलीस खात्यातल्या कॅप्टनला मलबार आणि त्रावणकोरच्या जंगलांवर कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जंगलं राखणारा अधिकारी, म्हणून नेमलं. आपल्या देशात या हुद्द्यावर बसलेला हा पहिला माणूस. त्याने खासगी तोड बंद केली आणि सागवानाची सगळी मक्तेदारी सरकारच्या हाती घेतली. ज्याच्या जमिनीतलं झाड, त्यालाच ते तोडता येईना. लाकडाचे व्यापारी आणि जमीनमालक तक्रारी करून करून थकले. शेवटी १८२३ साली मद्रासच्या गव्हर्नरने ते पदच मोडीत काढलं. तो गव्हर्नर कोण? टॉमस मन्रो. त्याच्या पाच वर्षं आधी, एप्रिल १८१८ मध्ये, वेढा घालून आपला बेळगावचा किल्ला घेणारा तोच हा मन्रो.

आपली फ्रिगेट या मक्तेदारीच्या ऐन भरातली. तिचं लाकूड कसं आलं असेल ते तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकाल. ओलं सागवान पाण्यात बुडतं. म्हणून बुंध्याजवळ साल आणि आतलं कच्चं पांढरं लाकूड चौफेर छिनून टाकायचं आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्यानेच वाळू द्यायचं. मग कुऱ्हाड लावायची. हत्तींनी ओंडके ओढत नदीकाठी आणायचे, पावसाळ्यात पाणी चढलं की तराफे बांधून खाली सोडायचे आणि तिथून समुद्रमार्गे मुंबई. जहाजाच्या इतिहासात कॅप्टनांची नावं सापडतात. ज्यांनी झाडं वाळवली, ज्यांनी हत्ती हाकले, त्यांची सापडत नाहीत, आणि मला ते फार लागतं.

प्रश्न : फ्रिगेट म्हणजे नक्की काय? आपल्या नौदलातही फ्रिगेट आहेत, मग ती जुनी आणि ही नवी एकच का?
(इयत्ता नववीची विद्यार्थिनी, चिकोडी)

बाळ, त्या काळी जहाजाची प्रतवारी तोफांवरून लागायची. तोफांचे दोन-तीन मजले असलेली अवजड जहाजं रांग धरून लढायची. फ्रिगेट त्यांच्याहून लहान : मुख्य तोफा एकाच मजल्यावर, तीन डोलकाठ्या, अंग सडपातळ आणि वेग भरपूर. शत्रूचा ताफा कुठे आहे ते हुडकणं, व्यापारी जहाजांना सोबत करणं, टपाल आणि हुकूम पोचवणं, दूरच्या किनाऱ्यांवर गस्त घालणं, ही तिची कामं. ‘त्रिंकोमाली’ ३८ तोफांची म्हणून नोंदलेली होती. तोफांचा मजला साधारण १५० फूट लांब, जहाजाची रुंदी ४० फूट, आणि एवढ्यात तीनशेवर माणसं राहायची. आजची फ्रिगेट इंजिनावर चालते, क्षेपणास्त्रं वाहते, पण गस्त आणि सोबत ही कामं तिच्याकडेही आहेत. आपल्याकडे पहिली ‘नीलगिरी’ माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९७२ साली नौदलात आली. त्याच नावाची नवी फ्रिगेट २०२५ साली दाखल झाली, तीही माझगावचीच.

प्रश्न : सर, या जहाजाचा हुकूम ऑक्टोबर १८१२ मधला आणि कणा, म्हणजे तळाची मुख्य तुळई, बसवला एप्रिल १८१६ मध्ये, असं वाचनात आलं. मधली साडेतीन वर्षं कशात गेली? मुंबईची गोदी एवढी सुस्त होती का?
(माध्यमिक शिक्षक, निपाणी)

गोदी सुस्त नव्हती, गुरुजी. तिथे जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने याच काळात, १८१३ साली, ७४ तोफांचं ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात सोडलं होतं. अडलं ते नकाशांपाशी, आणि ती हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हे जहाज ‘लिडा’ वर्गातलं. या वर्गाचा मूळ आराखडा फ्रेंचांचा. ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट १७८२ साली इंग्रजांच्या हाती लागली, तिची मापं घेऊन त्यांनी आपल्या फ्रिगेटी काढल्या. त्याबरहुकूम मुंबईत जहाज बांधायचं तर कागद लंडनहून यायला हवेत. ते ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवरून निघाले. मुंबईच्या गोदीसाठी लागणारं तांबंही तिच्यावरच होतं. शिवाय एक बडा प्रवासी होता : मुंबईला नेमणूक होऊन निघालेला जनरल टॉमस हिस्लॉप.

ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी ‘जावा’ला अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने गाठलं. त्या वर्षी इंग्लंड आणि अमेरिकेत युद्ध जुंपलं होतं. ‘जावा’च्या डोलकाठ्या उडाल्या, तिचा कॅप्टन लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला, आणि शेवटी जहाज शरण आलं. ओढून नेण्याच्या लायकीचंही ते उरलं नव्हतं. अमेरिकनांनी माणसं उतरवून घेतली आणि जहाज पेटवून दिलं. आपल्या फ्रिगेटचे नकाशे त्यातच गेले. नव्याने नकाशे काढून मुंबईला पोचायचे, तोवर थांबणं आलं.

हिस्लॉपला अमेरिकनांनी पॅरोलवर सोडून दिलं. तो पुढे हिंदुस्थानात आला आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती झाला. ज्या जहाजाने ‘जावा’ जाळलं ते ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ सालचं, अजून बॉस्टनमध्ये तरंगतं आहे. जगात आज पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका ती, आणि तिच्यानंतर नंबर लागतो ‘त्रिंकोमाली’चा. एकीमुळे दुसरीचा जन्म लांबला, आणि आज दोघीही तरंगत आहेत. तुमच्या वर्गातल्या मुलांना नकाशावर बॉस्टन, ब्राझील, मुंबई, महिदपूर अशी बोटं ठेवायला लावा. सनावळ्या पाठ करण्यापेक्षा तास रंगेल.

२५ एप्रिल १८१६ रोजी कणा बसला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. मुख्य बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले होते, आणि १७५० साली तिथे आशियातली पहिली सुकी गोदी उभी राहिली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी फ्रिगेट पाण्यात उतरली. खर्च सुमारे २३,००० पौंड. नाव पडलं श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरावरून.

प्रश्न : भाऊ, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला. सरळ विचारतो : तिने लढाया किती मारल्या? आणि मारल्या नसतील तर तिचं एवढं कौतुक कशाला?
(निवृत्त सुभेदार, बेळगाव)

सुभेदार साहेब, जय हिंद. मोठी समुद्री लढाई एकही नाही. पण तुम्ही-आम्ही सेवापुस्तिका मानणारी माणसं, तेव्हा तिची सगळी पानं उलटून पाहू.

पहिलं पान, मुंबई ते पोर्ट्समथ. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये ती सेंट हेलेना बेटावर थांबली. नेपोलियन तेव्हा तिथे कैदेत होता. तिथून एक प्रवासी चढला, डॉक्टर जॉन स्टोको. त्याने नुकतंच नेपोलियनला तपासलं होतं आणि दुखणं खरं आहे असं कागदावर लिहून दिलं होतं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. पुढे त्याच वर्षी त्याचं कोर्ट-मार्शल करून त्याला आरमारातून काढलं. ३० एप्रिल १८१९ ला फ्रिगेट पोर्ट्समथला लागली.

आणि तिथे ती बसली ती १८४५ पर्यंत. नेपोलियन १८१५ लाच वॉटर्लूला हरला होता. ज्या युद्धासाठी तिचा हुकूम निघाला ते ती तयार व्हायच्या आधीच संपलं. शांततेच्या काळात अशा कितीतरी जहाजांच्या डोलकाठ्या उतरवायचे, तोफा काढून घ्यायचे, वर छप्पर घालायचे आणि बंदरात रांगेने नांगरून ठेवायचे. दोन-चार माणसांची राखण. हा काळ इतिहास लिहिणारे एका ओळीत संपवतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. वापरात नसलेलं लाकडी जहाज वापरातल्याहून लवकर कुजतं. आत वारा खेळत नाही, पावसाचं गोडं पाणी फळ्यांच्या सांध्यांत मुरतं. खारं पाणी लाकडाला त्या मानाने सोसतं, गोडं पाणी खातं. एवढी वर्षं तशी काढून ती उठली, याचं श्रेय मलबारच्या लाकडाला आणि मुंबईच्या सुतारांना.

१८४५ मध्ये तिला पुन्हा कामाला घेतलं. चौकोनी पिछाडी काढून गोलसर केली, तोफांची संख्या २६ वर आणली पण त्या जास्त भारी बसवल्या, आणि फ्रिगेटऐवजी कॉर्व्हेट, म्हणजे तिच्याहून खालच्या प्रतीचं जहाज, म्हणून नोंद केली. १८४७ साली कॅप्टन वॉरनच्या हाताखाली ती अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या ठाण्यावर गेली. पाण्यात उतरल्यापासून तीस वर्षांनी तिची पहिली खरी नेमणूक! हैतीमधल्या दंगली, क्युबावरच्या स्वारीची धास्ती, गुलाम वाहणाऱ्या जहाजांवर गस्त, मग उत्तरेला न्यूफाउंडलंडकडची फेरी. १८५० ला परत.

दुसरी नेमणूक १८५२ ते १८५७, कॅप्टन हूस्टन, पॅसिफिक ताफा. क्रिमियन युद्धामुळे रशियाशी वैर होतं, त्यामुळे उत्तर पॅसिफिकवर पहारा. बेरिंग सामुद्रधुनीकडे जाऊन, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात हरवलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेच्या शोधात थांबलेल्या जहाजाला तिने रसद पोचवली. मलबारचं लाकूड बर्फाच्या तोंडाशी गेलं होतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका समुद्रखाडीला आजही ‘त्रिंकोमाली चॅनल’ म्हणतात. तिथल्या एका वाईट प्रकरणाबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितो.

समुद्रावरची नोकरी इथे संपली. दोन नेमणुका मिळून आठेक वर्षं. तोवर वाफेची इंजिनं आली होती, आणि शिडाचं जहाज लढाईसाठी कालबाह्य झालं होतं. मग ती शाळा झाली. १८६० नंतर आधी संडरलंड, मग पंधराएक वर्षं वेस्ट हार्टलपूल, मग साउथँप्टन : राखीव दलाच्या माणसांना तोफा चालवायला शिकवणारं तरंगतं ठाणं. १८९५ ला तेही थांबलं आणि १८९७ साली ती भंगारात विकली गेली.

तिचं नशीब असं की त्याच साली जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात दुसरं एक जुनं जहाज फुटलं. इंग्रजांचा नामवंत आरमारी सेनापती नेल्सन याचं ‘फुद्रोयां’. त्याचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब यांनी मुलांना नाविक शिक्षण देण्यासाठी ते घेतलं होतं. ते गेल्यावर त्यांनी भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ सोडवली, दुरुस्त केली आणि गेलेल्या जहाजाचं नाव तिला दिलं. त्या नावाने तिने फाल्मथला आणि नंतर पोर्ट्समथला पुन्हा मुलं शिकवली, थेट १९८६ पर्यंत. १९८७ साली तिला हार्टलपूलला नेलं, १९९२ मध्ये मूळ नाव परत दिलं, आणि २००१ पर्यंत डागडुजी पूर्ण झाली.

हिशेब करा साहेब. आठेक वर्षं समुद्रावर, शंभराहून जास्त वर्षं शिकवण्यात. कॅम्पातल्या सेंटरवर रिक्रूट घडवणाऱ्या उस्तादाच्या छातीवर लढाईची पदकं कमी असतील, पण पलटण उभी राहते ती त्याच्या जिवावर, हे तुमच्याहून जास्त कोण जाणतो? माझं कौतुक त्यासाठी आहे.

प्रश्न : मी सुतार. दारं-खिडक्या, देव्हारे करतो. सागवान चांगलं हे आम्हाला ठाऊक आहेच, पण पाण्यात दोनशे वर्षं? ओक काय वाईट होतं?
(एक कारागीर, नंदगड)

ओक वाईट नाही हो. ओक मजबूत, चिवट, आणि एक गुण सागवानात नाही तो त्याच्यात : ओकच्या फांद्या वाकड्या वाढतात. जहाजाच्या बरगड्यांना आणि तुळयांखालच्या कोनांना असा जन्मजात बाक असलेला तुकडा लागतो. सागवान सरळसोट वाढतं, त्यात असा तुकडा हुडकावा लागतो.

पण ओकमध्ये आम्ल असतं. ओकमध्ये लोखंडी बोल्ट मारला की दोघं एकमेकांना खातात. बोल्ट गंजत बारीक होतो, भोवतालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं, भोक मोठं होतं आणि सांधा हलू लागतो. जहाज लाटेवर सतत पिळवटत असतं. सांधा हलला की पाणी आलंच. सागवानात तेल. तुम्ही रंधा मारता तेव्हा तळहाताला लागतं ते, आणि करवतीच्या भुशाला येतो तो वासही त्याचाच. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या जुन्या व्हेलर बोटीच्या सागवानी फळीतून खिळा उपसला की त्याची मान वरून गंजलेली असायची, पण लाकडात रुतलेला भाग हाताने पुसला तर चमकायचा. भोकाची कड जशीच्या तशी, कोरलेली. मी नव्या पोरांना अशी फळी हातात देऊन बोट फिरवायला सांगायचो.

किडीचंही तसंच. समुद्रात लाकूड पोखरणारी एक जात आहे, बोटाएवढी बोगदी करते. सागवानाला ती सहसा लागत नाही. तरी पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकायचेच. आणि जिथे तांबं तिथे पाण्याखाली लोखंडी बोल्ट चालत नाही, लोखंड झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून तिथले बोल्टही तांब्याचे. फळ्यांच्या फटींत दोऱ्यांचा पिंजलेला पीळ ठोकून वरून डांबर. सागवान हत्यारं मात्र लवकर बोथट करतं. पटाशीला दिवसातून किती वेळा दगड दाखवावा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईच्या गोदीतल्या सुतारांनी वाकस आणि गिरमिटावर तीनशे माणसांचं जहाज दीड वर्षात उभं केलं. ते हात कसे असतील!

फरक पाहायचा असेल तर पोर्ट्समथला विसाव्या शतकात एक जोडी नांगरून होती. एक आपली, ‘फुद्रोयां’ नावाने. शेजारी ‘इंप्लॅकेबल’, मूळ फ्रेंच, ओकची, वयाने सतराच वर्षं मोठी. दोघींवर मुलं शिकायची. पाणी एकच, हवा एकच. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘इंप्लॅकेबल’ इतकी खिळखिळी झाली की दुरुस्तीचा खर्च कुणी उचलेना. २ डिसेंबर १९४९ रोजी तिच्यावर ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचे झेंडे लावून तिला समुद्रात नेऊन बुडवलं. आपली राहिली.

प्रश्न : तुम्ही ‘आपली फ्रिगेट’ म्हणता ते मला पटत नाही. लाकूड आपलं, मजूर आपले, पण झेंडा इंग्रजांचा. ज्यांनी बेळगावचा किल्ला घेतला त्यांचं जहाज आपलं कसं?
(पदवीचा विद्यार्थी, शहापूर, बेळगाव)

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या बाजूने तू लिहिल्याहून जास्त पुरावा आहे, तो आधी मीच देतो.

१८१२ साली हा हुकूम निघाला. त्याच साली कोल्हापूरकरांना मालवण आणि सावंतवाडीकरांना वेंगुर्ला इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. म्हणजे एकीकडे मुंबईत इंग्रजांसाठी फ्रिगेट ठरत होती आणि त्याच वेळी आपल्या घाटाखालची मराठी बंदरं हातची जात होती. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, मध्ये चोवीस दिवस. एप्रिल १८१८ मध्ये आपला किल्ला पडला. जहाज या युद्धात नव्हतं, तरी ज्या सत्तेचं ते होतं तिनेच हे सगळं केलं.

आणि ते कॅनडाचं प्रकरण. १८५६ साली व्हँकुव्हर बेटावर काउइचन या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखात एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली गेली. गव्हर्नर डग्लस ‘त्रिंकोमाली’वरचे खलाशी आणि सैनिक, चारशेच्या आसपास माणसं, घेऊन तिथे उतरला. संशयित तरुणाला पकडलं, तिथल्या तिथे खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिली. ज्याला गोळी लागली होती तो वसाहतवाला जिवंत राहिला. सेवापुस्तिकेतलं हे पान फाडून टाकून तिचं कौतुक करणं मला जमणार नाही. गुलामांच्या जहाजांवरची गस्त आणि ही फाशी, दोन्ही एकाच डेकवरून झालं.

मग ‘आपली’ का म्हणतो? झेंड्यासाठी नाही. मी जहाज-सुतार. माझ्या लेखी जहाज आधी ते बांधणाऱ्याचं, मग ते चालवणाऱ्याचं. जमशेटजींनी आणि त्यांच्या हाताखालच्या सुतारांनी साधलेला सांधा दोनशे वर्षांनी उघडला नाही. ही विद्या आपल्या किनाऱ्यावरची. ती विद्या ज्यांच्याकडे होती त्यांच्या हाती राज्य नव्हतं, हे दुखणं खरं आहे आणि तू ते बोलून दाखवलंस ते बरं केलंस. पण राज्य त्यांचं म्हणून विद्याही त्यांच्या नावावर लावायला मी तयार नाही. तुझं मत वेगळं असेल तर सविस्तर लिही, पुढच्या अंकात छापायला मी संपादकांना सांगेन.

प्रश्न : माझा मुलगा न्यूकॅसलला शिकायला गेलाय. हे जहाज तिथून जवळ आहे म्हणे. जायचं तर काय बघायला सांगू त्याला?
(एक गृहिणी, संकेश्वर)

ताई, अगदी जवळ. न्यूकॅसलहून हार्टलपूलला थेट लोकल रेल्वे आहे, वाटेत संडरलंड लागतं. जहाज तिथल्या नौदल संग्रहालयात पाण्यात उभं आहे, तिकीट काढून आत जाता येतं. एक दिवस पुरेल.

आधी बाहेरून समोर उभं राहायला सांगा. नाळेखाली, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखाली, फेटा बांधलेल्या, मिशाळ माणसाची लाकडी मूर्ती आहे. आत गेल्यावर तोफांच्या मजल्यावर घाई करू नये. खालच्या मजल्यावर, जिथे खलाशी झोपायचे, तिथे छत बुटकं आहे. उंच असेल तर डोकं सांभाळायला सांगा. तिथे बरगड्या आणि तुळया जिथे मिळतात त्या कोपऱ्यांपाशी थांबावं. डागडुजीत काही लाकूड नवं घातलेलं आहे, जुनं त्याहून गडद आणि हत्याराचे घाव दिसतील असं असतं. परवानगी असेल तर त्यावरून हात फिरवावा. आणि त्या जुन्या सांध्यांचे दोन-चार चांगले फोटो, शक्यतो बाजूने उजेड पडेल असे, काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवायला सांगा. नंदगडच्या त्या कारागिराला मी ते दाखवणार आहे.